मागे राहिलेल्यांची वंशावळ

उंची, वय, धंदा, वर्ण. डोके, केस, कल्ले. चेहऱ्याची ठेवण, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, हनुवटी. मूळ गाव. आणि शेवटी शेरा: कुठे व्रण, कुठे देवीचे वण, कुठे गोंदण. व्हॅन डिमेन्स लँडच्या, म्हणजे आजच्या टास्मानियाच्या कैदीखात्याने जहाजातून उतरलेल्या माणसाची अशी रकान्यारकान्याने नोंद केली. आयर्लंडच्या आडगावात जन्मलेला, आयुष्यात धड आरसाही न पाहिलेला शेतमजूर, आणि त्याचे हे इतके बारकाईचे वर्णन. त्याच्या आईनेही त्याला असेच निरखले असणार. पण तिला लिहिता येत नव्हते. सरकारला येत होते.

कारकुनाला त्याची माया नव्हती. पळालाच तर ओळखता यावा, एवढाच त्या लिहिण्याचा मतलब. दोनशे वर्षांनी सिडनीत किंवा होबार्टमध्ये कुणी आपल्या खापरपणज्याचा माग काढत बसते, तेव्हा हातात तोच कागद येतो. उंची पाच फूट अमुक, डोळे करडे, डाव्या दंडावर नांगराचे गोंदण. वाचणाऱ्याला भरून येते. पाळतीसाठी लिहिलेले असे वंशाच्या उपयोगी पडते.

1788 ते 1868 या ऐंशी वर्षांत ब्रिटिश सरकारने सुमारे 1,62,000 माणसे ऑस्ट्रेलियाच्या काळ्या पाण्यावर धाडली. त्यांतली 40,000च्या आसपास थेट आयर्लंडच्या किनाऱ्यावरून गेली. पहिले जहाज ‘क्वीन’. 1791च्या एप्रिलमध्ये ते कॉर्कहून निघाले आणि सप्टेंबरअखेर सिडनीला लागले. कुणाला सात वर्षे आणि कुणाला जन्मठेप, ही यादी जहाजाबरोबर आलीच नाही. शिक्षा कधी संपते हे ना कैद्याला सिद्ध करता येई, ना राज्यपालाला सांगता येई.

येऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तोच त्यांतले वीस पुरुष आणि एक गर्भार बाई रानात चालते झाले. कुठे, तर चीनला. उत्तरेकडे चालत राहिले की एक नदी लागते आणि तिच्या पलीकडे चीन, असे त्यांच्या मनाने घेतले होते. वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे असेच पळालेल्या काही आयरिश कैद्यांपाशी कागदावर काढलेले होकायंत्र होते, असे वसाहतीतल्याच डेव्हिड कॉलिन्स या अधिकाऱ्याने नोंदवले आहे. त्याला सुई नाही, चुंबक नाही, नुसते चित्र. वसाहतीत हा बरीच वर्षे थट्टेचा विषय होता. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. घर कोणत्या दिशेला राहिले हे ज्याला कुणीच सांगत नाही, तो दिशा स्वतःच्या हाताने काढून घेणार, दुसरे काय करणार?

यांचे गुन्हे तरी काय होते? मेंढी चोरली, गाय चोरली, कापडाचा तागा उचलला. जमीनदाराविरुद्ध रात्री गुप्त शपथ घेतली. 1822च्या बंडविरोधी कायद्याखाली तर सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडणे एवढाही गुन्हा सात वर्षांच्या हद्दपारीला पुरेसा होता. आयर्लंडमधल्या टिपेरारीच्या जॉन केलीने 1841 साली दोन डुकरे चोरल्याबद्दल सात वर्षे ओढवून घेतली. 1842च्या आरंभी तो व्हॅन डिमेन्स लँडला उतरला. सुटल्यावर सामुद्रधुनी ओलांडून आजच्या व्हिक्टोरियात गेला, 1850मध्ये त्याने लग्न केले, आणि 1866मध्ये तो वारला. त्याचा थोरला मुलगा नेड केली. 1880 साली मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली आणि तो ऑस्ट्रेलियाच्या लोककथांचा नायक होऊन बसला. त्या दोन डुकरांमुळे केलींच्या घराण्यावर आज कपाटभर पुस्तके आहेत.

आणि त्याच टिपेरारीत असे कितीतरी शेजारी असतील ज्यांनी एकही डुक्कर चोरले नाही. त्यांनी खंड भरला, बटाटे खाल्ले, रात्री दाराला कडी लावली आणि निमूट मेले. त्यांचा ठावठिकाणा कुणाला देता येत नाही. या सगळ्या शोधाच्या तळाशी हीच एक गोष्ट मला सलत राहते. गुन्हेगार सापडतो, निरपराध हरवतो. राज्य ज्याला उचलून नेते त्याच्या भुवयांचा रंगसुद्धा टिपते, आणि ज्यांच्यातून उचलून नेते त्यांच्याकडे मान वळवून बघतही नाही.

हरवणारे नीट हरवावेत अशी जणू तजवीजच होती. अनेक कॅथलिक गावांतल्या बाप्तिस्म्याच्या वह्या 1820नंतर कुठे सुरू होतात. 1845मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने गेली, आणखी दहा लाखांवर देश सोडून गेली. त्या काळात काही बायकांनी मुद्दाम गवताच्या गंजींना आग लावली. पकडले जावे, काळ्या पाण्यावर पाठवावे, म्हणजे जहाजावर निदान पोटाला मिळेल. भूक अशा थराला गेली की शिक्षाच वाट वाटू लागते.

उरलेसुरले कागद 30 जून 1922ला गेले. आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दप्तरखाने स्फोटात आणि आगीत बेचिराख झाले. 1821, 1831, 1841 आणि 1851च्या जनगणनांची घरोघरची पाने जवळजवळ सगळी जळाली. 1861 ते 1891च्या चार गणना तर सरकारने त्याआधी आपणच नष्ट करून टाकल्या होत्या. एका शतकाच्या गरिबांची घरे कागदावरून अशी पुसली गेली. 1836पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्याही त्या आगीत गेल्या. पण कैद्यांचे दयेचे अर्ज वाचले, कारण ते पलीकडे डब्लिन किल्ल्यात होते. 1988 साली ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीला आयर्लंडने त्या कागदांच्या सूक्ष्मफिती भेट दिल्या.

हे अर्ज वाचावेत. मागे राहिलेल्यांचा आवाज ऐकू येतो तो जवळजवळ तिथेच. भाषा त्यांची नसते. गावचा मास्तर, पाद्री किंवा चार पैसे घेऊन लिहून देणारा कुणी तरी ती ठरावीक दरबारी इंग्रजीत उतरवतो. सुरुवातीला लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे आयर्लंडवरच्या ब्रिटिश राजप्रतिनिधीला, नतमस्तक होणे, शेवटी त्याच्या दीर्घायुष्याची प्रार्थना. मधल्या चार ओळींत मात्र संसार असतो. नवरा तुरुंगात, पोरे लहान, खंड थकलेला, शिक्षा कमी व्हावी. नसेल होत तर मला आणि मुलांना त्याच्याच जहाजावर घ्यावे. तळाला सहीच्या जागी फुली. ती फुली कधी घट्ट दाबलेली असते, कधी एक रेघ दुसरीला नीट छेदतही नाही. अर्जाच्या पाठीवर किल्ल्यातल्या अधिकाऱ्याचा शेरा, बहुतेकदा एकाच अर्थाचा: कायद्याने आपल्या मार्गाने जावे. कायदा गेला. नवराही गेला. बाई कुठे गेली, ते कुणी लिहिले नाही.

आयर्लंडमध्ये मेलेल्यासाठी आक्रोशाची गाणी म्हणणाऱ्या बायका असत. मढ्याभोवती बसून त्या मृताचे गुण गात, घराण्याची नावे घेत. हद्दपार झालेल्यासाठी असे कुणी कसे गावे? ना मढे, ना माती. तो मेला नव्हता आणि परतही येणार नव्हता. शिक्षा संपल्यावर परतीचे भाडे ज्याचे त्याने भरायचे होते, आणि ते जमणारे फारच थोडे.

बायकामुलांना मागवून घेण्याची एक सोय होती. वागणूक चांगली असेल तर कैद्याला सरकारी खर्चाने कुटुंब आणवण्याचा अर्ज करता येई. काहींचे अर्ज मंजूर झाले, कॉर्कहून निघणाऱ्या बायकांच्या कैदी-जहाजांवर अशी मोकळी माणसेही चढली. 1835च्या जानेवारीत निघालेल्या ‘नेव्हा’ जहाजावर 150 बंदी स्त्रिया होत्या, त्यांची मुले होती, काही मोकळ्या बायका आणि त्यांचीही मुले होती. 13 मे रोजी किंग बेटाजवळ ते खडकावर आपटून फुटले. 224 माणसे बुडाली, 15 वाचली.

ज्यांची बायको आलीच नाही, त्यांचेही आयुष्य पुढे सरकले. कैद्याला लग्नाला राज्यपालाची परवानगी लागे. सिडनीच्या दप्तरात असे अर्ज आहेत आणि त्यांतले काही नाकारलेलेही आहेत. कारण एकच: माणूस आता स्वतःला विधुर म्हणवतो, पण जहाजाच्या यादीत तो विवाहित आहे. न्यू साउथ वेल्सच्या त्या छापील याद्यांत लग्न आणि मुलांचा रकाना असे. विवाहित, मुलगे तीन, मुलगी एक. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. तो माणूस खोटारडा होता असे मला म्हणवत नाही. बारा हजार मैलांवरची बायको जिवंत आहे की नाही, हे त्याला तरी कोण सांगणार होते? दुसऱ्या संसारातल्या मुलांपासून आजची ऑस्ट्रेलियन घराणी निघाली. पहिल्या संसाराचे त्यांना माहीतही नव्हते, आणि पुढे कितीतरी पिढ्या आजोबा कैदी होते हेच घरात बोलले जात नसे. व्हॅन डिमेन्स लँडने 1856मध्ये नावही बदलून घेतले.

आयांचे हाल वेगळे. होबार्टला उतरलेल्या बंदी बाईचे मूल दूध सुटल्यावर फार दिवस तिच्यापाशी राहत नसे. ते न्यू टाउनच्या अनाथ शाळेत जाई. आई जिवंत, त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, कॅस्केड्सच्या बायकांच्या तुरुंगात कपडे धूत. टास्मानियाच्या क्रिस्टिना हेन्री या कलावतीने ऑस्ट्रेलियाला आणलेल्या सगळ्या बंदी स्त्रियांसाठी कापडी टोपडी शिवून घेण्याचे काम मांडले. संख्या 25,566. एका टोपड्यावर एकीचे नाव, भरतकामात. देशोदेशीच्या बायकांनी ती शिवली. यादी होती म्हणून हे शक्य झाले. फुल्या करून गेलेल्या बायकांची टोपडी कोणत्या यादीवरून शिवणार?

यादीत नसलेले आणखीही होते. न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्टच्या मूळ रहिवासी विराजुरी लोकांच्या जमिनीवर सुटलेल्या आयरिश कैद्यांनीही मेंढ्या चारल्या. 1824मध्ये तिथे लष्करी कायदा पुकारला गेला. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची उरलीसुरली माणसे 1830च्या दशकात फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवली, तिथे बहुतेक सगळी मेली. घरातून हुसकलेल्यांनी दुसऱ्यांना हुसकण्यात हात लावला, हे खापरपणज्यावर माया करतानाही विसरता येत नाही.

शेवटचे जहाज ‘हौगोमाँट’ 10 जानेवारी 1868ला फ्रीमँटलला लागले. त्यावर 62 फेनियन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले आयरिश बंडखोर, होते. तोवर याच साम्राज्याची अंदमानची वसाहत दहा वर्षांची झाली होती. तिकडचे दार मिटण्याआधी इकडचे उघडले. अंदमानला गेलेल्यांतले मोजके आपल्याला नावानिशी पाठ आहेत. त्यांच्या मागे दारात राहिलेल्यांचे काय झाले, हे आपणही कुठे विचारतो?

आता शोध सोपा झाला आहे. कैद्यांच्या नोंदी 2007 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेल्या, घरबसल्या पाहता येतात. थुंकीच्या चाचणीवरून टिपेरारीतला चुलत वंश जुळतो. पूर्वी लपवलेला कैदी आज दिवाणखान्यात चौकटीत लागतो, आणि लागावा. पण तो सापडला याचे श्रेय आपल्या चिकाटीपेक्षा त्याच्या गुन्ह्याला जास्त आहे. ज्यांनी काहीच केले नाही, त्यांना सापडण्याचा हक्क कोणत्या कलमाखाली मिळणार?

म्हणून वंशावळ लिहिणाऱ्याने तिथे घाई करू नये. पहिल्या बायकोची जागा ‘माहिती नाही’ म्हणून गाळू नये. नाव नसले तरी लिहावे: पत्नी, तीन मुलगे, एक मुलगी, आयर्लंडमध्ये मागे राहिली; आधार, नवऱ्याच्या नोंदीतला विवाहाचा रकाना. त्याच्यावर पाळत ठेवताना सरकारने तिच्याविषयी नकळत एवढे लिहून ठेवले आहे. तेवढे तरी तिच्या नावे जमा करावे.