हराम सांगून झाले, पुढे काय?

मोहल्ल्यात नशेचा विषय निघाला की आम्ही सगळे एकच वाक्य बोलतो, ‘हराम आहे.’ वाक्य खरेच आहे. सूरह माइदामध्ये स्पष्ट मनाई आली आहे, त्यावर वाद नाही. पण ज्याच्या घरातला मुलगा आधीच त्यात अडकला आहे, त्याने हे ऐकल्यावर काय करावे?

हा प्रश्न आम्हाला एका जुन्या चित्रपटाने विचारला. मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ १९८८ साली आला. रस्त्यावरच्या खऱ्या मुलांना कार्यशाळेत तयार करून त्यात घेतले होते. लहानग्या कृष्णाला पाचशे रुपये जमवून आईकडे परतायचे आहे. मुंबईत तो चहा पोहोचवतो, म्हणून सगळे त्याला चायपाव म्हणतात. त्याचा दोस्त चिलम गर्द विकतो आणि स्वतःही ओढतो. विकायला लावणारा बाबा एक दिवस चिलमला हाकलून देतो. नशेविना तडफडणारा चिलम जीव द्यायला निघतो, तेव्हा त्याला सावरतो तो चायपावच. पुढे चायपावचे साठवलेले पैसे चिलम चोरतो, नशा करतो आणि मरतो. (चित्रपट मोठ्यांनी पाहावा; लहान मुलांना सोबत बसवू नये.)

चिलमची भूमिका रघुवीर यादव यांनी आणि बाबाची नाना पाटेकर यांनी केली आहे. पण आमच्या लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. चिलमला धरून ठेवणारा एकही मोठा माणूस त्या कथेत नाही.

आमच्या कथेत मोठा माणूस होता. तो आम्ही स्वतः.

तीन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणि वास मारणारा रुमाल सापडला. मुलगा बुवापाड्यातलाच, आमच्या दोन गल्ल्या पलीकडचा. आम्ही त्याच्या अब्बांना बोलावले. ते एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, एका दिवसाची हजेरी बुडवून आले. त्यांनी आमच्यासमोर मुलाला मारले. आम्ही अडवले नाही. उलट, आपले कर्तव्य झाले असे वाटले. अम्मी एवढेच म्हणाली, “सर, नाव तेवढं काढू नका.” नाव काढावे लागलेच नाही. मुलगा परत आलाच नाही.

पुढे तो स्टेशनच्या बाजूला दिसायचा. आम्ही नजर चुकवून लोकल पकडायचो. त्याच्याजवळ बसणारे होते, पण ते माल देणारे.

चित्रपट पाहिला त्या रात्री झोप आली नाही. सहीह बुखारीतला एक प्रसंग आठवला. दारू प्यायल्याबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणीतरी शाप दिला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला रोखले आणि हा माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, असे सांगितले. शिक्षा माफ झाली नव्हती, पण माणूस आपल्यातलाच राहिला होता. आम्ही हा प्रसंग कितीदा वाचला होता. त्या मुलाच्या बाबतीत मात्र तो आठवला नाही.

चित्रपट आला त्याच काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी हा रुग्ण आहे, आणि घरच्यांनाही आधार लागतो, या समजुतीवर ते आजही चालते. तिथे पुन्हा घसरलेल्यालाही पुन्हा घेतात.

पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात; पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, केवळ सेवनाचा किंवा अगदी थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायदाही विकणारा आणि अडकलेला यांत फरक करतो. आम्हीच करत नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. अम्मीने दार उघडले, काही न बोलता आत घेतले. मुलगा सतरंजीवर पडून होता. खूप वाळला होता. म्हणाला, “सर, आता काय राहिलंय?” आम्हाला उत्तर सुचले नाही. शेजारी बसलो. मग अब्बांची माफी मागितली, त्याचीही.

तो आमच्याबरोबर दोनदा डॉक्टरांकडे आला. तिसऱ्या वेळी सापडला नाही. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी त्याचे अब्बा आणि मशिदीतले इमामसाहेबही सोबत आहेत. तो येईल की नाही, अल्लाहच जाणे. दार वाजवणे आमच्या हातात आहे.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही असे एखादे दार असेल. हराम सांगून झाले असेल, तर आता तेही वाजवा.