मेसमागची मांजरं

मेसमागच्या मांजरांना पोत्यात भरून लांब सोडायचा बेत ठरला, तेव्हा पोतं धरायला मीच पुढे. (दूध माझंच सांडलं होतं ना!) मग बेकी रॉबिन्सन आणि लुईझ हॉल्टन या दोघींबद्दल वाचलं. १९९० साली वॉशिंग्टनच्या एका गल्लीत त्यांना भटक्या मांजरांचा अख्खा गोतावळा सापडला. त्यांनी ती पकडली, नसबंदी करून पुन्हा तिथंच सोडली. त्यातूनच ‘अ‍ॅली कॅट अलाइज’ ही संस्था उभी राहिली. ऑपरेशन करतानाच कानाचं टोक छाटतात, म्हणजे तेच मांजर परत पकडायला नको. साधं लॉजिक! नुसती हाकलली, तर खरकट्यावर दुसरी येणारच.

पोतं अजून माझ्या कॉटखाली आहे. रेक्टर सर, जनावरांच्या डॉक्टरांना एकदा बोलवाल का?