डोलकाठीची जाडी

गणित चुकले म्हणजे उत्तर चुकते, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. परंतु गणित बिनचूक असूनही मूळ प्रश्नच चुकीचा असू शकतो, हे मला निवृत्तीनंतर एका डोलकाठीने शिकविले.

रत्नागिरीकडील आमच्या खाडीत फिरण्यासाठी मी 14 फुटांची शिडाची होडी बांधून घेतली. होडी वाडीतल्या वृद्ध सुताराने बांधली; डोलकाठीचे माप मात्र आपण स्वतः काढावे असा माझा हट्ट होता. तिला बाजूंनी आधार देणारे दोर नव्हते. बैठकीच्या फळीतील भोकातून उतरून तळाशी रोवलेली ती काठी एकटीनेच उभी राहावयाची होती. खाडीच्या मुखाशी येणारा वाऱ्याचा झपाटा मी लहानपणापासून पाहिलेला. त्याची धास्ती मनात धरूनच मी माप शोधू लागलो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारात मोठ्या डोलकाठीसाठी एक सुटसुटीत नियम रूढ होता: लांबीच्या दर यार्डास एक इंच व्यास. माझी काठी 15 फुटांची, म्हणजे 5 यार्डांची. तेव्हा व्यास 5 इंच. जे आरमाराला पुरले ते माझ्या होडीला न पुरायला काय झाले?

सागाचा तो सोट पाहून सुतार एवढेच म्हणाला, “मास्तर, ही काठी वाऱ्याच्या मापाची केलीत, की होडीच्या?” मी नुसता हसलो. अडाण्याच्या प्रश्नाला हसण्याची खोड शिक्षकाला असतेच.

एप्रिलातील एका दुपारी बारा वर्षांच्या पुतण्याला घेऊन मी निघालो. खाडीच्या मुखाशी झोत आला आणि होडी कलली. ती सावरेल म्हणून मी वाट पाहिली. परंतु वर उभे असलेले ते ओझे तिला सावरू देईना. पाहता पाहता आम्ही दोघेही पाण्यात पडलो. मुलगा शिडाखाली सापडला. तो खोकत, धडपडत बाहेर येईपर्यंत चारपाच क्षणच गेले असतील. त्या क्षणांची लांबी मात्र मला अद्याप मोजता आलेली नाही. होडी काठाला ओढून आणल्यावर मी पाहिले, तो डोलकाठीवर साधी चीरही नव्हती. माझ्या हिशेबाप्रमाणे काठी पूर्णपणे यशस्वी झाली होती.

त्यानंतर कित्येक दिवस सुताराचा प्रश्न माझी पाठ सोडीना. वारा कितीही असो, तो काठीला वाकवू शकतो केव्हा? होडी त्याच्याविरुद्ध ताठ राहते तेव्हाच. ती कलंडली की शिडातून वारा निसटतो आणि काठीवरचा भार सरतो. म्हणजे, होडी जेवढा जोर धरून उभी राहू शकते, साधारण तेवढाच भार डोलकाठीच्या वाट्याला येतो. तेव्हा काठीचे माप वादळात शोधावयाचे नसून होडीच्या तोलात शोधावयाचे असते.

मग मी तो तोल मोजावयास बसलो. भरतीच्या निश्चल पाण्यात, पाण्यापासून 3 मीटर उंचीवर काठीला दोर बांधला आणि काट्याने वजन पाहत होडी बाजूला ओढली. काठ पाण्याला टेकेपर्यंत 16 किलोचा जोर लागला; तीन पट केल्यावर 48 किलोग्रॅम-मीटर. काठी हलकी झाल्यावर यात सुमारे 12 ची भर पडेल, म्हणून 60 धरले. वाऱ्याकडच्या बाजूस मध्यापासून 60 सेंटिमीटरांवर बसलेली 75 किलोंची दोन माणसे आणखी 90 देतात. एकूण 150. पुतण्या आज एवढा जड नाही. परंतु तो मोठा व्हावा आणि याच होडीत बसावा, हेही हिशेबात धरावयास हवे होते.

एवढ्या भाराने 9 सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच, जाडीच्या काठीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 210 किलोंचा ताण येतो. वाळलेला निर्दोष साग याच्या चौपटीहून अधिक ताणाखेरीज मोडत नाही. गाठी, ओल आणि अवचित हिसके यांसाठी तेवढी सवलत पुरे. माझ्या 5 इंची काठीवर हाच ताण 75 भरत होता. तिचे वजन मात्र नव्या काठीच्या दुप्पट होते, आणि तेही नको तिथे, उंचावर.

आरमाराचा नियमही खोटा नव्हता. मी तो नको त्या होडीला लावला होता. जहाज सर्व मापांनी निम्मे केले तर त्याचा तोल सोळाव्या हिश्शावर येतो. निम्म्या जाडीच्या काठीचे बळ मात्र आठव्या हिश्शावरच थांबते. म्हणून होडी जसजशी लहान, तसतशी मोठ्यांच्या प्रमाणात घडविलेली काठी तिला अधिकाधिक जड होत जाते. शाळेत हेच प्रमाण मी घनफळाच्या उदाहरणांत किती वेळा शिकविले होते!

दुसरी काठी सुताराने आणि मी मिळून घडविली. चौकोनी वाशावर 24 इंचांची पट्टी दोन्ही कडांना टेकेल अशी तिरपी धरून त्याने 7 आणि 17 या आकड्यांपाशी खुणा केल्या. त्या खुणांवरून कोपरे तासताच वासा अष्टकोनी झाला. ही युक्ती त्याला तोंडपाठ होती. तिच्यामागचे दोनाचे वर्गमूळ मी ओळखले, पण या वेळी हसलो नाही. भार शेंड्याकडे कमी होत जातो, म्हणून वरचा भाग आम्ही निमुळता केला.

काठी उभी राहिली त्या दिवशी पुतण्या काठावर बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने विचारले, “काका, एवढी बारीक? ही मोडणार नाही ना?”

“हिला मोडील एवढा जोर आपल्या होडीतच नाही,” मी म्हणालो.

त्याने क्षणभर काठीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तो मुकाट्याने वाऱ्याकडच्या बाजूला जाऊन बसला.