सोन्यापायी गेलेली घड्याळं

सोन्याच्या जुन्या घड्याळांचा जीव सोन्यानंच घेतला, असं माझं ठाम मत झालं आहे. बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जुनी मनगटी क्रोनोग्राफ, म्हणजे थांबघड्याळाची सोय असलेली घड्याळं, शोधत फिरायचा मला नाद आहे. घड्याळ हाती लागण्यापेक्षा ते कसं गेलं हेच जास्त ऐकायला मिळतं. आजोबांचं होतं, चांगलं मोठं, बाजूला दोन बटणं होती. मग? मग आत्याच्या लग्नात मोडलं. सोन्याची केस सराफाच्या मुशीत गेली, मशीन एका डब्यात पडलं, आणि तो डबा घर बदलताना कुठं गेला ते कुणालाच आठवत नाही.

अशी घड्याळं या भागात यावीत यात नवल नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारी होत्या, पेढ्या होत्या, हंगाम साधला की हातात पैसा खेळायचा. बेळगावात लष्कराची छावणी. आणि 1961च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचा गोवा घाटाखाली लागूनच होता. तिथं परदेशी माल मुबलक. सोनं आणि घड्याळं घाटवाटांनी चोरून इकडं यायची. आज आपण सीमाभाग म्हटलं की दोन राज्यांचा वाद डोळ्यांपुढं येतो, पण त्या काळी बेळगाव जिल्ह्याला एक सीमा चक्क परदेशाचीही होती.

ज्यांच्या मागं मी असतो ती बहुतेक 1940 ते 1960च्या दरम्यानची. तबकडीवर नुसतं ‘क्रोनोग्राफ सुईस’ लिहिलेलं. ते एका कंपनीचं नाव नव्हे. स्वित्झर्लंडातले कितीतरी छोटे कारखाने हीच अक्षरं छापत आणि आत बहुधा लँडेरॉन कंपनीचं मशीन बसवत. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा सुटतो. खालचं दाबलं की थांबतो, पुन्हा तेच दाबलं की बाराच्या जागी परत येतो. डोळ्याला भिंग लावून पाठ उघडून बघावं. वरच्या बटणासरशी एक पट्टी किंचित सरकते, तिच्यावरचं चिमुकलं चाक कलतं आणि त्याचे दाते मधल्या चाकाच्या दात्यांत जाऊन बसतात. इतके बारीक दाते, तरी एकही मोडत नाही. बॅलन्स-चाक तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. लांब काटा त्याच हिशेबानं पुढं जातो, म्हणून सेकंदाचा पाचवा भाग मोजता येतो. हे सगळं किल्लीच्या एका स्प्रिंगवर चालतं.

काही तबकड्यांच्या कडेला अंतराचे आकडे असतात. तोफेचा जाळ दिसला की काटा सोडायचा, आवाज आला की थांबवायचा, आणि तोफ किती लांब आहे ते थेट वाचायचं. वळवाच्या पावसात मी हा प्रयोग गॅलरीत उभा राहून करतो. वीज चमकली की वरचं बटण, गडगडाट कानी पडला की खालचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. काटा नवव्या सेकंदाच्या आसपास थांबला की वीज तीन किलोमीटरवर पडली. सत्तर वर्षांपूर्वीचं यंत्र हे अजून बिनचूक सांगतं, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

आता सोन्याचं सांगतो. पाठीच्या आत स्विस सरकारचा बारीक ठसा असतो, एका स्त्रीचं डोकं. तो 18 कॅरेटचा, म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं. सराफ तो ठसा बघतो आणि घड्याळ काट्यावर ठेवतो. पण ही केस म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा. बोटानं दाबला तर चेपेल असा. दिसायला घसघशीत, वजनाला थोडा. मोडून येणारे पैसे ऐकले की माणसं हिरमुसतात, तरी मोडतात. शिवाय हा पत्रा मऊ. बटणांची भोकं झिजून रुंद होतात आणि आत घाम, धूळ शिरते. तंबाखूवाल्यांच्या घड्याळांत पाठीखाली तपकिरी भुकटी बसलेली मी पाहिली आहे. निपाणीतले एक वृद्ध घड्याळजी मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “सोनं काय, सराफाकडं बी मिळतंय. मशीन बघ आधी.”

जगाच्या बाजारानंही सोन्याला दुय्यमच मानलं आहे. पाटेक फिलिपचं 1518 हे घड्याळ 1941 साली आलं. एकूण 281 झाली, बहुतेक सगळी सोन्याची. स्टीलची फक्त चार माहीत आहेत. त्यांतलं एक 2016मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकांना गेलं. त्यात सोनं नव्हतं, दुर्मिळपणा होता. आमच्याकडच्या साध्या क्रोनोग्राफांना असली किंमत येणार नाही, आणि यावी अशी माझी इच्छाही नाही. ती शाबूत राहावीत एवढंच.

म्हणून ज्यांच्या घरी असं घड्याळ आहे त्यांना माझी विनंती आहे. तबकडी पिवळी पडली म्हणून रंगवून घेऊ नका, केस घासून चकचकीत करू नका. जाणत्या घड्याळजीकडून एकदा पाठ उघडून बघा, आणि घड्याळ कुणाचं, कधी घेतलं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. विकायची वेळ आली तर आख्खं विका. आणि मोडणंच भाग असेल, तर सराफानं परत दिलेलं मशीन फेकू नका. लँडेरॉनचे सुटे भाग आता बनत नाहीत; त्यातलं एखादं चाक कुणाच्या तरी बंद घड्याळाला लागेल.