रेघ मारण्याआधी

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे श्रद्धेवर न सोडता क्ष-किरणांनी पाहायचे, दाबमापकाने मोजायचे आणि छापायचे, असा त्यांचा खाक्या होता. प्राणायामाचे सारे माहात्म्य जादा प्राणवायूत आहे, ही समजूतही त्यांनी मोजणीला लावली आणि दुय्यम ठरवली. आज अशाच मोजण्यांचा ढीग संगणकापुढे ठेवून ‘यातला साधक कोण आणि साधना न करणारा कोण’ हे ओळखायला सांगता येते. त्यासाठी सपोर्ट व्हेक्टर मशीन, म्हणजे एसव्हीएम, हे माझ्या मते अजूनही फार देखणे हत्यार आहे. पण त्याच्या उत्तरावर किती विसंबायचे, हे रेघ मारण्याच्या कौशल्यावर ठरत नाही. ते रेघ मारण्याआधी माणसे आणि मोजण्या कशा वेगळ्या ठेवल्या, यावर ठरते.

रीत अशी. प्रत्येक नोंद हा एक बिंदू. दोन गटांमधून रेघा कितीही काढता येतात. एसव्हीएम त्यातली अशी निवडते की दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी जास्तीत जास्त रुंद राहावी. दोन भातखाचरांमधला बांध रुंदात रुंद ठेवायचा, तर तो कुठून न्यायचा हे फक्त काठावरची रोपे ठरवतात, आतल्या रोपांना कोणी विचारत नाही, तसेच इथे. काठावरचे ते बिंदू म्हणजे सपोर्ट व्हेक्टर. बाकीचे काढून टाकले तरी रेघ तीच. बोसर, गुयाँ आणि व्हॅपनिक यांनी १९९२ साली कर्नलची युक्ती, म्हणजे बिंदू जणू जास्त मितींत नेऊन तिथे सरळ रेघ मारण्याची तऱ्हा, जोडून ही रेघ वळणदार केली. कोर्तेस आणि व्हॅपनिक यांनी १९९५ साली थोड्या चुका खपवून घेण्याची सोय केली. माणसे थोडी आणि मोजण्या उदंड, अशी वैद्यकाची नेहमीची अडचण असल्याने तिथे ही पद्धत लगेच रुजली.

आणि तिथेच खोच आहे. रक्ताच्या कर्करोगावरचा १९९९ सालचा गाजलेला डेटासंच घ्या: ७२ रुग्ण, प्रत्येकाच्या ७,१२९ जनुक-मोजण्या. प्रत्येक मोजणी म्हणजे एक मिती; इतक्या मिती हाताशी असल्या, तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांना गट वाटले तरी त्यांना विभागणारी सरळ रेघ सापडतेच! म्हणजे ‘शंभर टक्के वेगळे झाले’ हा पुरावाच नव्हे. अँब्रॉइज आणि मॅक्लॅकलन यांनी २००२ साली नेमके दाखवले की कामाची जनुके आधी सगळ्या रुग्णांवरून निवडायची आणि मग त्यांच्यातल्याच काहींवर परीक्षा घ्यायची, असे केले की चूक शून्याजवळ दिसते. निवडीच्या वेळीच परीक्षेचे रुग्ण बाजूला ठेवले की ती वाढते. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

यावर म्हणतील, रुंद पट्टी हाच तर पाठांतरावरचा उपाय. व्हॅपनिकचा सिद्धांत तेच सांगतो. सांगतो, पण नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. समजा लोणावळ्यातले दहा साधक आणि अंदर मावळातले दहा शेतकरी घेतले, प्रत्येकाच्या ईसीजीचे तीस तुकडे केले. नोंदी सहाशे झाल्या. माणसे वीसच राहिली. तुकडे पिसून अर्धे शिकायला आणि अर्धे परीक्षेला दिले, तर यंत्र साधना ओळखत नाही, माणूस ओळखते. म्हणून एकेक माणूस पूर्णपणे बाहेर ठेवूनच परीक्षा घ्यावी. तेवढ्यानेही भागत नाही. भातलावणीत कमरेत वाकून राबणाऱ्याची विश्रांतीतली नाडीही संथ असू शकते; यंत्र त्याला खुशाल साधकांत बसवील. साधकांची मोजणी घाटमाथ्यावर भर आषाढात एका यंत्रावर आणि इतरांची तळेगावात हिवाळ्यात दुसऱ्या यंत्रावर झाली, तर रेघ पडेल ती कदाचित ऋतूंमध्ये, किंवा नुसती दोन यंत्रांमध्ये. डीप लर्निंगच्या काळात हे सगळे जुने झाले, असेही ऐकू येते. मोठे न्यूरल जाळे घेतले म्हणून वीस माणसांची दोनशे होत नाहीत. फुटलेली प्रश्नपत्रिका ते आणखी सफाईने पाठ करते.

याच्याही आधीचा प्रश्न लेबलाचा, म्हणजे कोणती नोंद कोणत्या गटाची हे यंत्राला आधी कोण आणि कशावरून सांगतो याचा. वेंगर, बागची आणि आनंद यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणारे योगी तपासून १९६१ साली निष्कर्ष छापले: श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळल्यावर मनगटाची नाडी लागेनाशी होई, स्टेथोस्कोपमधले ठोकेही मंदावत किंवा विरत, ईसीजीवर मात्र हृदय चालूच दिसे. फक्त नाडीवरून ‘थांबले’ असे लेबल लावून दिले असते, तर एसव्हीएमने त्या चुकीभोवतीही सुबक रेघ आखली असती. आज मनगटी पट्टे प्रकाशाने नाडीच मोजतात, हे इथे विसरू नये.

म्हणून अशा मोजण्यांची फाइल हाती आली की अचूकतेचा आकडा मी मागाहून पाहतो. आधी स्तंभ शोधतो ते व्यक्तीचे, ठिकाणाचे, तारखेचे, यंत्राचे. बरेचदा गोपनीयतेचे कारण देऊन ते आधीच उडवलेले असतात. ते कारण अगदीच खोटे नाही. वीस जणांच्या यादीत गाव आणि तारीख कळली की माणूस ओळखू येतोच. पण नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक, गावाच्या जागी केंद्राचा क्रमांक आणि तारखेच्या जागी नुसता ऋतू ठेवला, तरी माझे काम भागते.