बाहेरून आलेला जावई

वर्गात संसदीय लोकशाहीचा धडा आला की मी मुलांना सायमन द माँटफर्टची गोष्ट सांगते. बरीच वर्षं मी ती अर्धीच सांगत होते.

सायमन मूळचा फ्रान्सचा. १२३० च्या सुमारास, आजीकडून आलेल्या लेस्टरच्या जहागिरीवर हक्क सांगायला तो इंग्लंडला आला. राजा तिसरा हेन्री त्याच्यावर खूश झाला. जानेवारी १२३८ मध्ये राजाची विधवा बहीण एलिनॉर हिच्याशी त्याचं गुपचूप लग्न लागलं. एलिनॉरने पुन्हा लग्न न करण्याची शपथ घेतली होती, म्हणून धर्मगुरू नाराज. आपल्याला विचारलं नाही, म्हणून सरदार नाराज. शेवटी सायमन रोमला जाऊन पोपची मंजुरी घेऊन आला.

दुसऱ्याच वर्षी मेहुण्याशी बिनसलं. सायमनने आपल्या कर्जाला राजाचं नाव परस्पर जामीन म्हणून दिलं होतं. शिवाय एलिनॉरला पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क पुरता मिळाला नाही, हे दुखणं कायमचंच. १२६४ मध्ये लुइसच्या लढाईत सायमनने राजालाच कैद केलं आणि जानेवारी १२६५ मध्ये सभा बोलावली. तिथे परगण्यांबरोबर शहरांचेही दोन-दोन प्रतिनिधी बसले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला इव्हशॅमला भाचा एडवर्डच्या फौजेने त्याला मारलं, प्रेताचे तुकडे केले. एलिनॉर फ्रान्सला गेली आणि तिथेच वारली.

इथवर मी सांगायचे. न सांगितलेलं असं: लेस्टर हाती येताच सायमनने तिथल्या ज्यूंना शहराबाहेर काढलं. माझ्या वारसांच्या काळातही, जगाच्या अंतापर्यंत, त्यांनी इथे राहायचं नाही, असं लिहून दिलं. १२६४ मध्ये त्याच्या पक्षाच्या लोकांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली.

मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या सभेत ज्यू होते का?"

"नव्हते," मी म्हटलं. मग उरलेली गोष्टही सांगितली.

पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मातीत राहूनही माझ्या वर्गातल्या मुलांना "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं जातं. स्वतः बाहेरून आलेल्या माणसाने दुसऱ्याला बाहेरचा ठरवावं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

सायमनचा धडा मी गाळलेला नाही. सभा त्यानेच बोलावली, हे खरंच आहे. आता फक्त त्या सभेच्या दाराबाहेर कोण होतं, तेही सांगते.