मुका घास

एखादा चित्रपट पाहावा की न पाहावा, हा प्रश्न समीक्षेने वृत्तपत्रीय परीक्षणाकडे सोपवून दिलेला आहे. निकोलाउस गायरहाल्टर या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘उन्झर टेग्लिश ब्रोट’ (२००५), म्हणजे ‘आमची रोजची भाकर’, हा अनुबोधपट मात्र तो प्रश्न समीक्षेच्या दारात परत आणतो. ९२ मिनिटांच्या या चित्रपटात निवेदन नाही, मुलाखत नाही, पार्श्वसंगीत नाही. युरोपातील हरितगृहे, कुक्कुटपालन केंद्रे, कत्तलखाने यांतील काम स्थिर, सममित चौकटींत चालू राहते. सरकत्या पट्ट्यावरून कोंबडीची पिले वाहत जातात. चित्रपट संथ आहे आणि तो किळस आणतो, असे दोन आक्षेप त्यावर सहज घेता येतात.

दोन्ही रास्त आहेत. परंतु त्यांचा परस्परसंबंध पाहिला पाहिजे. भारतीय काव्यशास्त्राने बीभत्साला रसत्व दिले आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायिभाव मानला. झटपट दाखविलेल्या रक्ताने प्रेक्षक मान फिरवतो आणि तेथेच सुटतो. येथे चौकट हलत नाही. किळस झिजून जाईपर्यंत दृश्य टिकते, आणि मग उरतो तो काम करणाऱ्याचा हात, त्याची सराईत गती, त्याचा कंटाळा. संथपणा काढून घेतला तर केवळ धक्का उरेल. (धक्क्यांचा सध्या तुटवडा नाही.)

अच्छाडसारख्या गावातून या चित्रपटाकडे पाहिले की प्रश्न अधिक अवघड होतो. तलासरी तालुक्यातील, गुजरातच्या सीमेला टेकलेले, मुंबई–अहमदाबाद महामार्गावरचे हे गाव. शहराचे अन्न येथून जाते ते ताडपत्रीखाली. नाक्यावर त्याचे वजन आणि कागद तेवढे दिसतात. चित्रपट ती ताडपत्री उचलतो. परंतु निनावी हातांची ओळख या परिसराला चित्रपटाने करून द्यावी लागत नाही. १९४५ च्या वारली आंदोलनात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ते गवत मुंबईच्या बाजाराकडे जाई. कापणारे हात तेथे कोणाला दिसत नसत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात ते हात दिसतात, आणि ती माणसे बोलतातही.

गायरहाल्टरची माणसे बोलत नाहीत; जे तुटक बोलतात, त्याला उपशीर्षके नाहीत. या मौनाचे समर्थन करता येते: भाष्य दिले की प्रेक्षक त्याच्याशी सहमत होऊन मोकळा होतो, मौन त्याला ती सवलत देत नाही. तरीही ज्या यंत्रव्यवस्थेने माणसाला मुके केले, तिचीच शिस्त कॅमेऱ्याने स्वीकारली, हा संशय फिटत नाही. तत्त्व म्हणून अलिप्तता आकर्षक असते. ती कोणाच्या खर्चाने पाळली जाते, हे तपासावे लागते.

चित्रपट पाहावाच, आणि तुकड्यातुकड्यांनी न पाहता सलग पाहावा. त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी दृश्ये कत्तलखान्यातील नाहीत. ती मधल्या सुटीची आहेत. कामगार एकटा बसतो, पाव खातो, चावत राहतो. कॅमेरा समोर थांबलेला असतो. त्याची मजुरी किती, पाळी किती तासांची, हे काही कळत नाही. तलासरीच्या रानात मागणी मजुरीच्या आकड्याचीही होती.